आवक शिक्का: साथरोग अहवालांच्या उशिराचा माग काढताना ठेवलेल्या प्रकल्प नोंदी

2 जून, सोमवार

काम आजपासून सुरू. प्रश्न एका ओळीचा: संसर्गजन्य आजारांचे अहवाल साथरोग कक्षाकडे वेळेवर येतात का? मॅडमना महिनाअखेर एक आकडा हवा आहे. "सरासरी किती दिवस लागतात तेवढं सांग. पुढचं बैठकीत बघू."

फाइल उघडली. तीन वर्षांच्या नोंदी आहेत आणि कळवणं बंधनकारक असलेले सगळे आजार एकाच ठिकाणी कोंबलेत. तारखांचे कॉलम दोनच, 'लक्षणे सुरू' आणि 'नोंद दिनांक'. वजाबाकी केली की काम झालं, असं वाटायला लावणारी सोय. पण या दोन तारखांच्या मध्ये केवढी वाट आहे! माणसाला ताप येतो, तो दोन दिवस अंगावर काढतो, मग डॉक्टर गाठतो. डॉक्टरांना शंका येते किंवा येत नाही. नमुना जातो, लॅबमध्ये लागतो, निकाल येतो. कुणीतरी फॉर्म भरतं, कुणीतरी पाठवतं, आमच्याकडे कुणीतरी उघडतं, कुणीतरी टाइप करतं. एकूण उशीर कळला तरी त्यात कुणाचा वाटा किती, हे या दोन कॉलमांतून कळायचं नाही.

जाता जाता तिघांना विचारलं, घोडं कुठे अडत असेल? एक म्हणाला लॅब. दुसरा म्हणाला डॉक्टर. तिसरा म्हणाला लोकच उशिरा येतात. आमचं टेबल कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

3 जून, मंगळवार

'नोंद दिनांक' येतो कुठून ते बघायला एंट्री करणाऱ्या ताईंच्या शेजारी तासभर बसले. त्यांनी वय भरलं, टॅब दाबला, आजाराचा कोड टाकला, टॅब दाबला, आणि तारखेचा खाना आपोआप भरला. आजची तारीख.

"ही तुम्ही भरत नाही?"

"नाही हो. ती त्याची तोच घेतो."

हातातल्या कागदाच्या उजव्या कोपऱ्यात जांभळा आवक शिक्का होता, किंचित तिरका, शुक्रवारचा. म्हणजे कागद शुक्रवारी आला, ट्रेमध्ये बसला आणि मंगळवारी संगणकात गेला. ट्रे ते कीबोर्ड अंतर हातभर. तेवढ्याला चार दिवस, आणि फाइलीत हे चारही दिवस अहवाल पाठवणाऱ्याच्या खात्यावर पडले.

ताईंची चूक नाही. त्या एकट्या आहेत आणि ट्रे दोन आहेत. पण तीन वर्षं आपण ज्याला 'अहवाल यायला लागणारा वेळ' म्हणत आलो, त्यात आपलाच वेळ मिसळलेला होता, हे आज कळलं.

5 जून, गुरुवार

शिक्क्याची तारीख संगणकात नाही, म्हणजे कागदच काढायला हवेत. सगळे काढणं अशक्य. आजारवार गठ्ठे केले आणि प्रत्येकातला दर दहावा कागद घेतला. कालचा आणि आजचा दिवस रेकॉर्ड रूममध्ये गेला. शिंका मोजल्या नाहीत.

तारखा टाकताच पहिला गोंधळ समोर आला: वजा उशीर. आजारी पडण्याआधीच कळवलेले रुग्ण! बहुतेक ठिकाणी दिवस-महिन्याची अदलाबदल निघाली. 03/04 म्हणजे 3 एप्रिल की 4 मार्च, हे फॉर्म सांगत नाही आणि भरणाऱ्याला विचारायची सोय नाही. दिवस 12 च्या पुढचा असेल तर चूक स्वतःहून ओरडते. 12 च्या आत असेल तर गुपचूप बसते. त्यामुळे फक्त वजा आकडे दुरुस्त करून भागणार नाही. तीच चूक उलट्या दिशेने झाली की महिनाभराचा खोटा उशीर तयार होतो आणि तो अगदी खरा दिसतो.

दुसरा गोंधळ म्हणजे 1900 साल. एक्सेलसाठी तारीख हा दिवसांचा क्रमांक असतो. रिकाम्या खान्याचा शून्य झाला आणि त्याला तारखेचा पोशाख चढवला की जानेवारी 1900 दिसतो. सव्वाशे वर्षं आजारी असलेले काही रुग्ण बाजूला काढले.

एक्सेलवर हसताना इंग्लंडची गोष्ट विसरता येत नाही. 2020 च्या शरद ऋतूत पब्लिक हेल्थ इंग्लंड या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेकडे लॅबकडून येणारे कोविडचे निकाल जुन्या एक्सलएस साच्यात ओतले जात होते. त्या साच्यात 65,536 ओळींपलीकडे जागाच नसते. उरलेल्या ओळी गळल्या. 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर या आठवड्यातले 15,841 रुग्ण आकडेवारीत उशिरा आले. त्या लोकांना आपला निकाल कळला होता. कळला नव्हता तो त्यांचे संपर्क शोधणाऱ्यांना. लॅबने वेळेत काम केलं, रुग्णाला वेळेत कळलं, आणि तरी अहवाल उशिरा पोचला.

9 जून, सोमवार

सरासरीवरून मॅडमशी चर्चा. एक कागद कपाटामागे पडला होता, तो वर्षभराने सापडला आणि तेव्हा नोंदला गेला. त्या एका कागदाने त्या आजाराची अख्खी सरासरी ओढून नेली. मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घ्यायचं ठरलं, ते मान्य झालं.

खरा वाद त्यानंतरचा. सगळ्या आजारांचा मिळून मध्यकही मला नको आहे. किती दिवस म्हणजे उशीर, हे आजार ठरवतो, आपण नाही.

मेनिंगोकॉकल मेंदूज्वर घ्या. जवळच्या संपर्कातल्यांना प्रतिजैविक द्यायचं ते रुग्ण ओळखल्यापासून शक्यतो 24 तासांत. संपर्काला चौदा दिवस उलटून गेल्यावर देण्यात फारसा अर्थ उरत नाही. हिपॅटायटिस ए चा अधिशयन काळ (संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा) 15 ते 50 दिवस, सरासरी 28, आणि संपर्कानंतर दोन आठवड्यांपर्यंत लस देता येते. तिथे चार दिवसांचा उशीर निभावून जाईल. मेंदूज्वरात तोच उशीर म्हणजे वरातीमागून घोडं.

सगळ्यात अवघड गोवर. संपर्कानंतर 72 तासांत लस दिली तर उपयोग, सहा दिवसांत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) दिलं तर उपयोग. पण रुग्ण पुरळ यायच्या चार दिवस आधीपासून आजार पसरवत असतो. फळ्यावर मांडून दाखवलं: पुरळ दिसलं त्या दिवशी, चार दिवसांपूर्वी भेटलेल्या माणसाची लसीची मुदत संपलेली असते आणि इम्युनोग्लोब्युलिनचे फक्त दोन दिवस उरतात. त्या दोन दिवसांत डॉक्टर, फॉर्म, ट्रे, कीबोर्ड आणि आमचा माणूस, सगळं बसवायचं.

मॅडम जरा वेळ फळ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग आकडा कसला देणार?"

ठरलं ते असं: प्रत्येक आजाराची कृतीची मुदत आधी लिहायची, आणि किती अहवाल त्या मुदतीच्या आत पोचले ते मोजायचं. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी याच धर्तीचा विचार केलेला आहे, की रुग्णाने ज्यांना आजार दिला ते आजारी पडून पुढे पसरवू लागण्याआधी पहिला अहवाल पोचतो का. दिवस मोजण्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक.

12 जून, गुरुवार

लॅबमध्ये गेले. उशीर इथेच, असं ज्याने 2 तारखेला सांगितलं त्याला सोबत घेतलं.

निकाल सकाळी तयार होतात. टेक्निशियन ते डॉक्टरांना लगेच कळवतात, फोनवर, त्याच तासात. साथरोग कक्षाची यादी मात्र वेगळी. ती दिवसभर साठते आणि संध्याकाळी एकदम जाते. नमुने कमी असले तर "उद्याच्याबरोबर पाठवू". मी विचारलं, पॉझिटिव्ह आला की आम्हाला कोण कळवतं? ते म्हणाले, "डॉक्टर कळवतात ना." तिथूनच त्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "लॅब कळवते ना." फोन स्पीकरवर होता. दोघेही हसले. मला हसू आलं नाही.

लॅबच्या संगणकातून निकाल थेट आपल्याकडे यावा, असा प्रस्ताव पडून आहे, तो वर काढायला हवा. हवाई बेटांवर 1998 मध्ये ही तुलना झाली होती: लॅबचे संगणकीय अहवाल नेहमीच्या मार्गापेक्षा सरासरी 3.8 दिवस आधी पोचले आणि अहवालांची संख्या 2.3 पट झाली. यातला दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. जे अहवाल उशिरा येतात म्हणून आपण ओरडतो, ते निदान येतात तरी. कधीच न येणाऱ्यांचा उशीर किती धरायचा?

पण यंत्राने वाट छोटी होते ती लॅबनंतरची. आधीची तशीच राहते. आणि तिथे एक सवय आडवी येते: निकाल हाती आल्याशिवाय कळवायचं नाही. गोवरासारख्या आजारात शंका आली की कळवायचं असतं. खात्री होईपर्यंत थांबणं डॉक्टरांना काळजीपूर्वक वाटतं. 9 तारखेच्या फळ्यावर मांडलं तर ते महागात पडतं.

16 जून, सोमवार

रेकॉर्ड रूमची किल्ली ज्यांच्याकडे असते ते रजेवर. काम शून्य.

18 जून, बुधवार

आज आनंदाची बातमी मिळाली आणि ती मीच मोडली.

कागदांची भर घालून आलेख काढला. आडवा अक्ष लक्षणं सुरू झाल्याचा आठवडा, उभा अक्ष अहवाल पोचायला लागलेले दिवस. मार्चपर्यंत रेघ बऱ्यापैकी सपाट, मग उतरती, आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांत जवळजवळ जमिनीला टेकलेली. मॅडमनी मागून पाहिलं आणि म्हणाल्या, "बघ, वेळेवर कळवा म्हणून मार्चमध्ये काढलेल्या पत्रकाचा परिणाम!"

पत्रकाचा नाही, आजच्या तारखेचा. सोमवारी आजारी पडलेल्यांपैकी आज बुधवारी माझ्या फाइलीत कोण असणार? जे दोन दिवसांत कळवले गेले तेच. ज्यांचा अहवाल वीस दिवसांनी येणार ते अजून वाटेवर आहेत, म्हणून मोजणीत नाहीत. अलीकडच्या आठवड्यांत फक्त चपळ अहवाल दिसतात, आळशी अहवाल यायचे असतात. कुठल्याही वर्षी, कुठल्याही दिवशी हा आलेख काढला तर शेवट असाच गोड दिसेल.

याचा दुसरा चेहरा अधिक धोक्याचा. त्याच कारणाने रुग्णांची संख्याही शेवटच्या आठवड्यांत उतरलेली दिसते. साथ चढत असताना आलेख उतरताना दिसू शकतो.

उपाय जुना आहे. विमा कंपन्यांना घडलेल्या पण अजून न कळवलेल्या दाव्यांचा अंदाज बांधावा लागतो, तोच हिशोब. 1980 च्या दशकात एड्सच्या अहवालांना महिनोन्‌महिने लागत, तेव्हा संख्याशास्त्रज्ञांनी हीच वाट धरली. एक तक्ता करायचा: ओळी लक्षणांच्या आठवड्याच्या, कॉलम उशिराच्या आठवड्यांचे. खालचा उजवा कोपरा रिकामा राहतो, म्हणून भरलेला भाग त्रिकोणी दिसतो. जुन्या ओळींवरून कळतं की पहिल्या आठवड्यात साधारण किती हिस्सा येतो, दुसऱ्यात किती. त्यावरून रिकाम्या कोपऱ्याचा अंदाज.

19 जून, गुरुवार

अंदाज बांधून झाला. उतार गेला, रेघ सपाट. मार्चच्या पत्रकाने काही बिघडलेलं नाही आणि काही सुधारलेलंही नाही. मॅडमना सांगितलं. त्यांनी पत्रक स्वतः लिहिलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

23 जून, सोमवार

'24 तासांत कळवा' म्हणजे घड्याळ कधीपासून? दिवसभर हेच डोक्यात.

आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली 2005 ची, 15 जून 2007 पासून लागू. तिच्यात देशाने जागतिक आरोग्य संघटनेला 24 तासांत कळवायचं असतं, पण ते मूल्यमापन झाल्यापासून, आणि मूल्यमापनाला 48 तास असतात. त्याआधी किती वेळ गेला हा वेगळा हिशोब. 2002 मध्ये सार्सचा पहिला ज्ञात रुग्ण चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात 16 नोव्हेंबरला आजारी पडला, संघटनेला अधिकृत कळवलं गेलं 11 फेब्रुवारी 2003 ला, आणि तोवर 305 रुग्ण झाले होते. इबोलाचं वेगळं. गिनीच्या मेलियांदू गावातलं मूल डिसेंबर 2013 मध्ये दगावलं आणि आजाराला नाव मिळालं मार्च 2014 मध्ये. तिथे खोळंबा मुख्यतः ओळखण्यात होता. निदान झाल्यावर निरोप लवकर गेला. दोन्ही ठिकाणी 'उशीर' हाच शब्द, पण औषध वेगळं.

2021 मध्ये मांडलेलं 7-1-7 हे लक्ष्य मला म्हणूनच उपयोगाचं वाटतं: ओळखायला 7 दिवस, कळवायला 1, पहिली पावलं उचलायला 7. तीन घड्याळं वेगळी, म्हणजे एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही. आमच्या कागदांना हेच लावून पाहिलं. कळवण्याचा टप्पा वाटला होता त्यापेक्षा बरा निघाला. शुक्रवार सोडून. शुक्रवारी दुपारनंतर भरलेल्या फॉर्मवर सोमवारचा शिक्का, अपवाद नाही. आजाराला शनिवार-रविवार माहीत नसतो.

26 जून, गुरुवार

केंद्रवार यादी लावली. वेळेवर अहवाल पाठवण्यात सगळ्यात वरचं केंद्र वर्षभर 'निरंक', म्हणजे एकही रुग्ण नाही, असं पाठवतंय. दर आठवड्याला, ठरल्या दिवशी, एका ओळीत निरंक. शंभर टक्के! सगळ्यात खालचं केंद्र खरे रुग्ण शोधून काढतं, म्हणून त्यांचे फॉर्म अडकतात, म्हणून ते बदनाम. ही यादी बैठकीत भिंतीवर लागली तर पुढच्या वर्षी सगळीकडे निरंक येईल.

निरंक वाईट नाही. निरंक आलं म्हणजे कुणीतरी बघितलं. काहीच न येणं आणि शून्य येणं यातला फरक त्यामुळेच कळतो. पण त्याला वेळेवरच्या टक्केवारीत बसवायचं नाही, ते वेगळ्या रकान्यात.

आणखी एका केंद्राचा उशीर सगळ्या कागदांवर शून्य दिवस. लक्षणं सुरू झाली तो दिवस आणि फॉर्म भरला तो दिवस एकच, कायम. फोन केला. तिथल्या सिस्टर सरळ म्हणाल्या, "तारीख टाकल्याशिवाय फॉर्म पुढे जातच नाही. रुग्णाला आठवत नसतं, मागे रांग असते. आजची टाकते."

खाना बंधनकारक केला की तो भरला जातो. खरा भरला जाईल याची हमी नाही. 'माहीत नाही' हा पर्याय ठेवायचा, असं लिहून घेतलं.

30 जून, सोमवार

दोन डॉक्टरांशी बोलले. एकांना फॉर्म लांबलचक वाटतो. दुसरे ज्येष्ठ आहेत, ते शांतपणे म्हणाले, "इतकी वर्षं मी कळवतोय. एकदाही तुमच्याकडून फोन आला नाही, की बाबा, मिळालं, हे केलं. विहिरीत दगड टाकला तरी आवाज येतो."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. इंग्लंडच्या 1889 च्या कायद्यात डॉक्टरांना कळवल्याबद्दल मेहनताना होता, खासगी रुग्णामागे अडीच शिलिंग, सार्वजनिक संस्थेतल्या रुग्णामागे एक शिलिंग, आणि न कळवल्यास 40 शिलिंगांपर्यंत दंड. हा कायदा लंडनमध्ये सक्तीचा होता, बाकी ठिकाणी 1899 पर्यंत ऐच्छिक. म्हणजे गाजर आणि छडी दोन्ही तेव्हापासून. मला वाटतं, या डॉक्टरांना दोन्हीची गरज नाही. पोच हवी.

महिनाअखेरचा आकडा दिला नाही. त्याऐवजी दोन पानं दिली: आजारवार मुदत, आजारवार हिस्सा, आणि तीन टप्प्यांचा वेळ वेगवेगळा. सगळ्यात लांब टप्पा रुग्णाचा स्वतःचा. सगळ्यात सहज कमी होण्यासारखा टप्पा शिक्का ते कीबोर्ड. मॅडमनी ती ओळ दोनदा वाचली आणि ठेवली.

4 जुलै, शुक्रवार

मंजूर झालेले बदल: फॉर्मवर चार तारखा (लक्षणं, तपासणी, निकाल, पाठवला), महिना अक्षरांत, 'माहीत नाही' चालेल. आवक शिक्क्याची तारीख संगणकात वेगळी. ताईंना मदतीला अर्धवेळ एक जण. प्रत्येक अहवालाला पोच, दोन ओळींची. गोवर आणि मेनिंगोकॉकल आजारात शंकेवरच आधी फोन, फॉर्म मागाहून. फोन नंबर फॉर्मच्या माथ्यावर ठळक. मजकूर मी केला, छपाईला दिला. लॅबच्या थेट जोडणीला "पुढच्या टप्प्यात".

14 जुलै, सोमवार

नव्या फॉर्मचा पहिला गठ्ठा. महिना अक्षरांत आल्याने डोळ्यांना आराम.

वरून तिसरा फॉर्म गोवर, संशयित. पुरळ गुरुवार 10 जुलै. तपासणी शनिवार 12 जुलै. आवक शिक्का आजचा. खाली शेऱ्यात निळ्या शाईने: 'नियमानुसार फोन केला, शनि. 11.20 व 11.45. उचलला नाही.'

फॉर्मच्या माथ्यावरचा नंबर पाहिला. कक्षातल्या टेबलावरचा. कक्ष शनिवारी बंद असतो. 23 जूनला शुक्रवारच्या फॉर्मबद्दल लिहिणारी मीच, आणि हा नंबर छापायला देणारीही मीच.

हिशोब केला. रुग्ण रविवार 6 पासून पसरवतोय. रविवारच्या संपर्कांचे सहा दिवस शनिवारी संपले, म्हणजे फोन वाजत होता त्या दिवशी. सोमवारच्यांचे काल. मंगळवार 8 च्या संपर्कांचा आज शेवटचा दिवस, आणि शुक्रवारच्यांच्या लसीचाही आजच.

गट 10 वाजता निघाला. यादी उलट लावायला सांगितली: मंगळवार आणि शुक्रवारचे आधी, मग मधले. डॉक्टरांना पोच मी स्वतः फोनवर दिली आणि शनिवारबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, "आत्ता आलात ना, चला."

दुपारी मोबाइल नंबर मिळाला, तो आठवडाभर पाळीपाळीने घरी न्यायचा. पहिली पाळी माझी. उरलेल्या फॉर्मांवर नवा नंबर चिकटवायच्या चिठ्ठ्या ताई कापतायत.